दुकानाचं सर्वात लाडकं गिऱ्हाईक

माझं बाळ आता रांगायला लागलं असेल, असं मला दुकानाने फोनवर कळवलं, तेव्हा मी गच्चीवर गुडघे उन्हात शेकत बसलो होतो. बाळाला कोपरे लागू नयेत म्हणून टेबलाला लावायच्या रबरी पट्ट्या आल्या आहेत, असंही पुढे लिहिलं होतं. मला बाळ एकच. ते आता निम्मं टकलं झालंय आणि रात्रपाळीला जातं.

हा पहिलाच मेसेज नव्हता. केस काळे करायचा माझा रंग संपत आला होता म्हणे. माझ्या मांजरीला नव्या चवीचं खाणं आलं होतं. उंच टाचेच्या सँडलवर मला खास सवलत होती. मांजर आमच्या घरात येते ती फक्त चोरी करायला, आणि केस काळे करायला ते आधी डोक्यावर असावे लागतात.

ते दुकान माझ्या ओळखीचं होतं. सुईपासून सायकलीपर्यंत सगळं मिळतं, गावात तीन शाखा आहेत, आणि त्यातल्या एकीत माझी सून बिलाच्या काउंटरवर बसते. ती कामावरून आल्यावर मी विचारलं, "सूनबाई, तुमच्या दुकानाला माझ्याबद्दल कुणी काय सांगितलंय?"

तिने हातातली पिशवी हळूच खाली ठेवली. "मामंजी, रागावणार नाही ना?"

"ते ऐकून ठरवतो."

"बिल करताना यंत्र गिऱ्हाइकाचा फोन नंबर मागतं. दहा आकडे घातल्याशिवाय बिल छापतच नाही. आणि लोक काही नंबर देत नाहीत. परवा एकजण म्हणाला, मी चमचा घेतोय बाई, तुमच्याशी सोयरीक नाही करत. मागे रांग ओरडत असते. मग माझे हात आपले तुमचा नंबर घालून मोकळे होतात."

"माझाच का? नवऱ्याचा घाल की."

"ह्यांचा पाठ नाही. लग्न ठरलं तेव्हा ह्यांच्याकडे फोन कुठे होता? तुमच्याच फोनवर करायचे मी, आणि दरवेळी तुम्हीच उचलायचात. कोण बोलतंय, कुणाची, काम काय! नंबर पाठ नाही झाला मामंजी, कोरला गेला."

मी रागावलो नाही. फुकटात तरुण बाप होण्याचा योग ह्या वयात कुणाला येतो?

पण एके दिवशी ती पांढरीफटक पडून घरी आली. दुकानात आकड्यांचा एक नवा विभाग निघाला होता. तिन्ही शाखांमध्ये काय खपतं, कोण घेतं, हे मोठ्या साहेबांच्या खोलीतल्या पडद्यावर रंगीत पट्ट्यांनी दिसायचं. त्या पट्ट्यांत सर्वात उंच पट्टी माझी निघाली होती. दुकानाच्या वाढदिवशी साहेब सर्वांसमोर माझा सत्कार करणार होते. शिवाय असलं गिऱ्हाईक जिथे राहतं तिथेच दुकान हवं, म्हणून चौथी शाखा आमच्या गल्लीच्या तोंडाशी काढायचं ठरत होतं. आमच्या गल्लीत एक दातांचा डॉक्टर, एक बंद पडलेला छापखाना आणि बाकी माझ्यासारखे म्हातारे. आम्ही वस्तू एकदाच घेतो. मग ती मोडेपर्यंत वापरतो, नाहीतर आम्ही मोडेपर्यंत.

"हसू नका," सूनबाई म्हणाली. "दुसऱ्या शाखेतल्या एका मुलीला मागच्या महिन्यात काढलं. बिलावर स्वतःच्या आईचा नंबर घालत होती. खोटी नोंद म्हणून त्याच दिवशी घरी पाठवलं. मामंजी, माझी नोकरी आता तुमच्या तोंडात आहे."

माझं हसू गेलं. तिची नोकरी सुटली असती तर घर मुलाच्या एका पगारावर आलं असतं, आणि त्या पगाराला आधीच धाप लागलेली.

"उद्या आकडेवाल्या बाई तुमची मुलाखत घ्यायला येणार आहेत," ती म्हणाली. "मी कामावर असेन. म्हणायचं, मला खरेदीची आवड आहे. बास. पुढे एक शब्द नाही."

"चौदा कुकर का घेतले विचारलं तर?"

"चौदा झालेत? म्हणा, जेवायची आवड आहे."

आकडेवाल्या बाई आल्या त्या सूनबाईच्याच वयाच्या निघाल्या. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, काखेत लॅपटॉप. खुर्चीत बसून त्यांनी आमची खोली पाहून घेतली. पाहायला फार काही नव्हतं. एक खाट, दोन खुर्च्या, आणि शेगडीवर एक कुकर, ज्याची मूठ मी सुतळीने बांधलेली आहे.

"काका, चौदा कुकर?"

"एका भाजीचा वास दुसरीला लागू नये म्हणून."

"बाकीचे कुठे आहेत?"

"पाहुण्यांना दिले. आमच्याकडे पाहुणे फार."

"बरं. उंच टाचेच्या सँडल?"

"माझी उंची कमी आहे."

"बावीस जोड?"

"फारच कमी आहे."

त्यांनी ओठ दाबून धरले. "आणि लहान बाळाचे लंगोट?"

"त्याबद्दल बोलायचं माझं वय नाही, बाई."

आता मात्र त्या खळखळून हसल्या आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. "काका, तुमच्या सुनेच्या नोकरीच्या अर्जावर घरचा नंबर म्हणून हाच नंबर आहे. ती रजेवर असते तेव्हा तुम्ही काडेपेटीसुद्धा घेत नाही. ती जेवायला उठली की तुमची खरेदी थांबते. ती हात धुऊन आली की तुमचं पुन्हा सुरू."

मी विचारलं, "सगळं कळलंय, तर आलात कशाला?"

"काय करावं ते कळत नाही म्हणून."

मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत बाईंनी मन मोकळं केलं. नंबरशिवाय बिल छापायचं नाही, ही अट त्यांनीच यंत्रात घातली होती. आधी नंबराचे निम्मे रकाने रिकामे असायचे आणि साहेब कटकट करायचे. अट घातल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सगळे रकाने गच्च. साहेबांनी बाईंना सर्वांसमोर शाबासकी दिली. "रकाने भरलेत एवढंच सगळ्यांनी पाहिलं," त्या म्हणाल्या. "कशाने भरलेत ते कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. तुमच्या खालोखालचं गिऱ्हाईक माहितीये कोण? एका काउंटरवालीचा पळून गेलेला नवरा. ती मुद्दाम घालते."

"शाब्बास. आणि तिसरं?"

"तिसरं आमचंच दुकान. पिशवीवर तक्रारीचा नंबर छापलाय ना, तो समोरच दिसतो. आमचा तक्रार विभाग रोज 'प्रिय ग्राहक' वाचतो आणि रोज 'आभारी आहोत' असं उलट कळवतो."

"हे साहेबांना सांगा की."

"ती मुलगी सापडली तेव्हा सांगून पाहिलं. म्हणाले, आपल्यावर लोकांचं प्रेम आहे, नंबर का नाही देणार? काउंटरवाल्या आळशी आहेत. आता हे लिहून दिलं तर तुमची सून घरी बसेल. नाही दिलं तर तुमच्या गल्लीत दुकान."

"साहेब कधी आपल्याच दुकानातल्या रांगेत उभे राहिलेत का?"

"छे. त्यांच्या घरी सामान परस्पर पोचतं."

मी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. बाई हुशार होत्या, मला फार बोलावं लागलं नाही.

"सुनेला सांगायचं?" त्यांनी निघताना विचारलं.

"अजिबात नाही. तिची बोटं अडखळतील."

त्या गेल्यावर मात्र माझ्या ध्यानात आलं: नोकरी तिची होती आणि खेळ मी मांडला होता. दोनदा तिला सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा 'मीठ कमी आहे' असं म्हणून मिटलं.

सत्कार दुकानातच होता, बादल्या आणि इस्त्र्यांच्या मधल्या जागेत. खुर्च्या मांडल्या होत्या, फोटोवाला होता. काउंटर चालूच ठेवले होते, कारण साहेबांना सत्कार हवा होता पण विक्री थांबायला नको होती. त्यांनी हातातल्या माईकवरून माझं एवढं कौतुक केलं की मलाच वाटायला लागलं, एखादा कुकर आपण खरंच घेतला असावा. काचेचं मानचिन्ह माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "काका, आज काय हवं ते मागा!"

"साहेब, आजवर मी तुमच्याकडून घेतलं. आज तुम्ही तुमच्या हाताने मला काहीतरी घेऊन द्या. रांगेत उभं राहून, सगळ्यांसारखं."

साहेब खूश. फोटोवाला त्याहून खूश. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एक नेलकटर उचलला. आकडेवाल्या बाई पुढे झाल्या. "इकडे या सर, इथे रांग लहान आहे." आणि त्यांना बरोबर सूनबाईच्या काउंटरवर नेऊन उभं केलं. सूनबाईने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

तिने नेलकटर यंत्रासमोर धरला. "नंबर, सर?"

"माझा? माझा कशाला?"

"त्याशिवाय बिल होत नाही, सर."

"छे छे, माझा नको. दिवसभर ते मेसेज कोण वाचत बसणार!"

"तेच तर!" मागून एक बाई म्हणाली. तिच्यामागे फरशी पुसायचं फडकं घेऊन उभा असलेला माणूस ओरडला, "अहो उरका, मला कामावर जायचंय!"

साहेबांनी हात झटकला. "घाला हो काहीतरी आणि संपवा."

सूनबाईची बोटं भुर्रकन फिरली. बिल छापलं गेलं, आणि माझ्या खिशात कोंबडा आरवला. मला नीट ऐकू यावं म्हणून मुलाने फोनला तोच आवाज लावून दिलाय. माईक साहेबांच्या हातात चालूच होता, त्यामुळे कोंबडा अख्ख्या दुकानात आरवला. आकडेवाल्या बाईंनी माझा फोन घेतला आणि मोठ्याने वाचलं, "प्रिय ग्राहक, नेलकटर घेतल्याबद्दल आभार. आपल्या बाळासाठी छोटा नेलकटरही उपलब्ध आहे."

फडकंवाला आधी हसला. मग सगळी रांग हसली.

"हा नंबर कुणाचा?" साहेबांनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते.

सूनबाई उभी राहिली. "माझ्या सासऱ्यांचा, सर. तुम्हीच म्हणालात, घाला काहीतरी."

साहेबांनी ओळीने सगळ्या काउंटरांकडे पाहिलं. प्रत्येक काउंटरवालीला त्या क्षणी यंत्राची कळ पुसायची आठवण झाली होती. इथवर मी विचार केला होता, ह्याच्या पुढचा केला नव्हता.

पण एका दुकानाची तीन करणारा माणूस काही उगाच मोठा होत नाही. साहेबांनी हसणारी रांग पाहिली, फोटोवाला पाहिला, आणि माईक तोंडाशी धरून म्हणाले, "तर मंडळी! हीच आमची चाचणी होती. आमच्या नोंदी खऱ्या की खोट्या, हे तपासायला आजचा हा सगळा बेत मीच आखला होता!"

सर्वात आधी आणि सर्वात जोरात टाळ्या आकडेवाल्या बाईंनी वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत माईकपाशी तोंड नेलं. "साहेब, दुसऱ्या शाखेतून काढली ती मुलगीही चाचणीतलीच ना?"

साहेबांनी माझ्याकडे एकटक पाहिलं. "अर्थातच."

"मग सोमवारी येईल ती कामावर?"

"येईल," साहेब दात आवळून हसले. फोटो छान आलाय.

सूनबाईने त्या संध्याकाळी मला बिनसाखरेचा चहा दिला. "माझ्या नोकरीवर पैज लावलीत."

"लावली."

"हरला असतात तर?"

मी तो चहा तसाच प्यायला लागलो. तिने अर्धा कप संपू दिला, मग साखरेचा डबा माझ्यापुढे सरकवला. "ती मुलगी परत येतेय, तेवढ्यासाठी सोडते. पुन्हा असलं काही करायचं असेल तर आधी मला सांगायचं."

आता यंत्रावर 'नंबर दिला नाही' अशी नवी कळ आली आहे. कुणाला खोटं लिहावं लागू नये म्हणून आकडेवाल्या बाईंनी ती करून घेतली. दहा कळांऐवजी एकच कळ दाबायची म्हटल्यावर काउंटरवाल्यांनी नंबर विचारणंच सोडलं. सूनबाई तेवढी अजून विचारते, आणि म्हणून तिची रांग सर्वात लांब. साहेबांच्या पडद्यावर आता गावात जवळजवळ कुणाकडेच फोन नाही.

काल बाईंचा फोन आला. "काका, आता काय करू?"

मी सूनबाईला हाक मारली, फोनवर हात ठेवून तिला बेत सांगितला. तिने मान डोलावली. मग मी म्हणालो, "बाई, साहेबांना रांगेत उभं करून झालं. आता एक दिवस काउंटरवर बसवा."

पलीकडे कळांची टकटक ऐकू आली. मग बाई म्हणाल्या, "कोणत्या शाखेत?"