दोन पायांची इमारत

मित्रांनो, दर्शनी भिंतीवरची माझ्या नावाची अक्षरे कधीच गळून पडली, म्हणून ओळख मीच करून देते. मी एका वृत्तपत्राची जुनी इमारत आहे. दगडालाही आत्मा असतो म्हणतात. त्याचा पुरावा मला अजून सापडलेला नाही. माझ्याकडे आहे तो पाया, आणि तेही दोन.

एक भिंतींचा. दुसरा छापखान्याच्या दालनातील फरशीचा. बांधणाऱ्याने ती फरशी बुचाच्या, म्हणजे कॉर्कच्या, जाड थरावर स्वतंत्र बसवली आणि चारही बाजूंनी हात जाईल एवढी फट सोडली. यंत्राची थरथर त्यामुळे भिंतींपर्यंत पोहोचत नसे. आवाज मात्र पोहोचे. कामगार खुणांनी बोलत: चहासाठी एक, 'थांबव' म्हणायला एक, आणि संपादकांसाठी एक, जी ते समोर असताना कोणी करत नसे. यांतील पुष्कळांना पुढे कमी ऐकू येऊ लागले. बांधणाऱ्याच्या गणितात कान नव्हते.

वृत्तपत्र दुसरीकडे गेले. पहारेकऱ्याने उंदरांना वैतागून एका कोपऱ्यातील फट सिमेंटने बुजवली. उंदरांनी दुसरी वाट काढली. रस्त्यावरच्या ट्रकची थरथर मात्र त्या कोपऱ्यातून आत शिरली. गिलावा पडू लागला. आत भूत आहे, असे लोक म्हणत. मी आतच होते. मला कोणी भेटले नाही.

मग लहान मुलांच्या श्रवणतपासणीसाठी एका डॉक्टरांनी मला मागितले. ठेवायचे की पाडायचे, हे अभियंता बाईंच्या तपासणीवर ठरणार होते.

"मॅडम, केवढा हा तडा! पाडलेलीच बरी," ठेकेदार फरशीच्या कडेच्या फटीकडे बोट दाखवत म्हणाला.

"काका, इतक्या शिस्तीत सरळ जाणारा तडा कधी पाहिलात? थाळीत पाणी आणा."

बाहेरून ट्रक गेला. फरशीवर ठेवलेल्या थाळीत वर्तुळे उठली.

"बघा! पाया गेला!"

बाईंनी थाळी दालनभर फिरवली. त्या कोपऱ्याजवळ पाणी सर्वांत जास्त हलले. त्यांनी गुडघे टेकून फटीत विजेरी धरली.

"इथे कुणी सिमेंट भरलंय. फोडा."

"अहो, जे पाडायचं तेच फोडू?"

"आधी फोडा. पाडायचं मग बघू."

कोपरा मोकळा झाला. पुन्हा ट्रक गेला. ठेकेदार बराच वेळ थाळीत वाकून पाहत राहिला. पाण्यात त्याचाच चेहरा होता, न हलणारा.

आज त्याच दालनात अगदी हलके आवाज ऐकवून मुलांचे कान तपासले जातात. काही मुलांना ते ऐकू येतात, काहींना नाही. मित्रांनो, जुन्या वास्तूत फट दिसली, तर लगेच सिमेंट कालवू नका. ती का सोडली आहे, एवढे आधी तपासा.

परवा एक निवृत्त यंत्रचालक आपल्या नातीला घेऊन आला. दोघांनाही कमी ऐकू येते. ताटकळत बसल्या बसल्या त्याने तिला छापखान्याच्या साऱ्या खुणा शिकवल्या. डॉक्टर दारात आले, तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहून संपादकांची खूण केली. आजोबा पोट धरून हसले. डॉक्टरांना अर्थ कळला नाही. माझ्याकडून तो कळणारही नाही.