सशाच्या जिभेतले कळे

"सुनेला सगळं आलं, तेवढं मीठ घालायला येईना," असं विमलाबाईंनी गोव्यातल्या पार्से गावच्या अर्ध्या वाड्याला सांगून झालं होतं. तापातून उठल्यापासून त्यांना गौरवीच्या हातचं माशांचं हुमण पाणचट लागे. आणि ही बया उलट बोलेल तर शपथ! सासूच्या ताटाशी मिठाची वाटी ठेवायची आणि कॉलेजात शिकवायला निघून जायचं. त्या गप्प राहण्याचाच विमलाबाईंना जास्त राग.

चतुर्थीला नैवेद्याचं भाज्यांचं खतखतं मात्र त्यांनीच केलं. नैवेद्याचं कोणी चाखून बघत नाही, देवाआधी जीभ लावायची नाही. मीठ हाताच्या अंदाजानं पडलं. पंगतीत त्यांचे यजमान सगुणराव पुन्हा पुन्हा वाढून घेत म्हणाले, "हात तो हातच!" विमलाबाईंनी घास घेतला. गुळाची गोडी नाही, तेफळाचा झणका नाही, मीठ नाही. ओला भुसा चघळावा तसं. आणि आज सुनेला बोल लावायची सोय नव्हती.

मागल्या दारी त्यांनी तिला गाठलं. "गौरवी, माझी जीभ मेली गो."

सुट्टी संपताच गौरवीनं त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. "डोळा लावा, आई. सशाची जीभ आहे. पातळ काप करून रंगवलेली."

आधी नुसतं गुलाबी धुकं. मग जिभेवरच्या चरीच्या भिंतीत ओळीनं बसवलेले कळे दिसले. एकेक कळा लसणीच्या गड्ड्यासारखा. लांबट पेशी एकमेकींना बिलगून उभ्या, शेंड्याला एवढंसं भोक.

"ह्यांना रुचिकलिका म्हणतात. भोकातून रस आत जातो. कोणी पेशी गोड ओळखते, कोणी कडू, आणि मेंदूला कळवते."

"तळाशी ह्या बुटक्या कोण?"

"कोवळ्या. वरच्या मरतात, ह्या त्यांच्या जागी वाढतात. कायम चालूच."

"माझ्या जिभेत पण?"

"तुमच्या, गाईच्या, मांजराच्या. तापानं गेलेली चव बहुतेकांना परत येते. थोडा धीर धरा."

विमलाबाई डोळा काढीनात. ज्या चवीचा जन्मभर तोरा मिरवला, ती ह्या पेशींनी तोंडाच्या काळोखात उभं राहून राखली होती. कोणी सांगितलं नाही, कोणी पाहिलं नाही. मरायचं, पुन्हा उगवायचं. त्यांचे हात आपसूक जोडले गेले.

मग त्या सुनेकडे वळल्या.

"हुमणात मीठ बरोबर होतं. उद्या वाड्यावर मीच सांगते. पण सगळं ठाऊक असून गप्प बसलीस आणि सासूला गावभर खोटं बोलू दिलंस, हा गुन्हा तुझाच!"