एकेचाळिसावा प्रश्न

शंभरात सतरा जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, असं साहेबांनी सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. आरोग्य सर्वेक्षणाची ही चाचणी फेरी होती. खरं सर्वेक्षण पुढे लाखो घरांत होणार होतं, आणि त्यात पहिल्यांदाच एकेचाळिसावा प्रश्न घातला होता: तुम्हाला कोणाविषयी ओढ वाटते? नकार दहाच्या वर गेले तर प्रश्न उडणार होता.

"लोकांना लाज वाटते हो ताई," साहेब म्हणाले. "शनिवारच्या बैठकीत काढूनच टाकू."

मला तो प्रश्न हवा होता. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षं त्याच्या मित्राबरोबर राहतो. त्याच्यासारख्या माणसांसाठी आमच्या तक्त्यांत रकानाच नाही, आणि रकाना नाही म्हणून त्यांच्या दुखण्याखुपण्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तो निदान मोजला तरी जावा, एवढंच माझं म्हणणं.

फेरतपासणी हे माझं काम. यादी उघडली, तर जवळजवळ सगळे नकार एकाच सर्वेक्षकाचे. आम्ही त्याला पैलवान म्हणतो. हा गडी अनोळखी माणसाला "शौचाला दिवसातून किती वेळा?" असं खणखणीत आवाजात विचारतो. कोणता प्रश्न पडद्यावर किती वेळ होता, तेही टॅबमध्ये नोंदलं जातं. पैलवानाचा एकेचाळिसावा प्रश्न प्रत्येक घरी दोन सेकंदांत संपला होता. तेवढ्यात तो वाचूनसुद्धा होत नाही.

मी त्याला समोर बसवलं. कानापर्यंत लाल झाला.

"विचारलंच नाही, ताई. मला वाटलं, त्यांना सांगायचं नसणार. उगाच कशाला अवघडवायचं? म्हणून मीच ‘सांगायचं नाही’वर बोट ठेवलं."

"म्हणजे लाज तुला वाटली आणि नकार त्यांच्या नावावर?"

नियमाप्रमाणे ती सगळी घरं पुन्हा करायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला घेऊन निघाले. हा प्रश्न मला का हवा, ते भावाचं सगळं वाटेत त्याला सांगितलं.

पहिल्या घरी सत्तरीच्या आजी. शेजारी मुलगा आणि सून कान टवकारून बसलेले. पण आमच्याकडे त्यासाठी कार्ड असतं. उत्तरं कार्डावर छापलेली, प्रत्येकाला आकडा: एक म्हणजे स्त्रियांविषयी, दोन पुरुषांविषयी, तीन दोघांविषयी, चार कोणाविषयीच नाही. कार्ड फक्त उत्तर देणाऱ्याच्या हातात द्यायचं, त्यानं नुसता आकडा सांगायचा. बाकीच्यांना पत्ता लागत नाही.

आजींनी चष्मा लावला, कार्ड सावकाश वाचलं. पैलवान भिंतीवरचं घड्याळ बघत होता.

"चार," आजी म्हणाल्या. "आधी दोन होतं. पण हे गेल्यापासून चार. आधीचं लिहायची सोय आहे का तुमच्यात?"

"नाही हो आजी."

"मग ठेवायला हवी. पुढचं विचारा."

"वजन किती?"

"ते मी नाही सांगणार!" आजींनी कार्ड परत केलं.

मला हसू आवरेना. घरोघरी तेच. वजन विचारलं की माणसं गोरीमोरी व्हायची, एकेचाळिसाव्याला पटकन आकडा सांगून मोकळी. दहाव्या घरापासून पैलवानच विचारायला लागला. एका केशकर्तनालयाचा मालक कार्डाकडे बराच वेळ बघत राहिला, मग हळूच "दोन" म्हणाला. आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला आणि पैलवानाचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. फाटकाबाहेर पैलवानाने दोनदा नाक शिंकरलं. मला स्वतःलाही रुमाल लागला.

शनिवारी आकडा आला. एकेचाळिसाव्याला नकार शंभरात तीन. वजनाला अकरा! साहेबांनी तीनदा चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. प्रश्न राहू द्या." मी कचेरीत टाळी वाजवली, अगदी मोठ्यांदा. पैलवानाने माझ्याहून मोठ्यांदा वाजवली.

"ताई," जिना उतरताना त्याने विचारलं, "तुमच्या भावाचं उत्तर काय?"

"त्यात विचारायचं काय? मला माहीत आहे."

"म्हणजे विचारलं नाहीत."

माझे पाय पायरीवरच थबकले. घरात आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. त्याला सांगायचं नसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. ‘सांगायचं नाही’वर मी बावीस वर्षं बोट ठेवून बसले होते, आणि वर पैलवानाची शाळा घेत होते.

तशीच भावाच्या घरी गेले. तो बाहेरच्या खोलीत टेबलाचा पाय ठोकत होता. मी कार्ड पुढे केलं.

"हे काय आणि?"

"प्रश्न आहे. तुला कोणाविषयी ओढ वाटते?"

त्याने हातोडी खाली ठेवली. कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं.

"इतक्या वर्षांनी?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुला ऐकायचंच नाही."

"आणि मला वाटलं, तुला सांगायचंच नाही."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसत सुटलो. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "दोन, ताई, दोन!" म्हणाला, आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडला, "अरे, बाहेर ये! ताईनं विचारलं!"

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. भावाचा मित्र ओल्या हातांनीच दारात आला. आजवर तो मला मॅडम म्हणायचा.

"खरंच विचारलंत, ताई?" तो म्हणाला.