कपाळ आणि दोन्ही कान उघडे

"हे केस कुणाचे?" आईने विचारलं.

डोन अबुंडिओंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आठवून सांगितलं, की गेल्या वर्षी दंतवैद्यक शिकणारी एक मुलगी फोटोला आली होती, तिचे. संगणकाच्या पडद्यावर आईचा चेहरा होता आणि त्याभोवती त्या मुलीचे मागे बांधलेले दाट, काळे केस. बसवले होते मात्र बेमालूम. चौसष्ट वर्षांची आई पडद्यावर पन्नाशीची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असल्यासारखी दिसत होती.

"तिला विचारलंत?"

"केसांसाठी कोण विचारतं, डोन्या ओतिलिया. मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका."

"काढा ते."

मेक्सिकोतल्या आमच्या हलापा शहरात पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी डोन अबुंडिओंच्या स्टुडिओचा जिना चढावा लागतो. विद्यापीठाला हवा असतो तो फोटो घरी फोनवर काढून चालत नाही. लंबगोल, कृष्णधवल, बिनचकाकीच्या कागदावर. कपाळ आणि दोन्ही कान उघडे, चष्मा नाही, लोंबते डूल नाहीत. सहा प्रती. ज्यांच्याकडे कोट नसतो त्यांच्यासाठी भिंतीवर वेगवेगळ्या मापांचे कोट टांगलेले असतात. आईने स्वतःचा आणला होता. केस मात्र उपचारांच्या दुसऱ्या फेरीतच गेले होते, भुवयांसकट.

मी म्हणाले, राहू दे ना ते केस. फोटोच तर आहे, आणि विद्यापीठाच्या खिडकीवर निदान एका गोष्टीवरून तरी वाद होणार नाही. हे मी म्हणाले होते, ते इथे लिहायलाच हवं. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"प्रबंध या डोक्याने लिहिलाय," ती त्यांना म्हणाली. "याचाच काढा."

डोन अबुंडिओंनी दिवा दोनदा हलवला. डोकं चमकतंय म्हणाले, पावडर लावू का?

"चकाकी नको ती कागदाला. डोक्याबद्दल नियमात काही नाही."

ते हसले, आणि त्यांनी फोटो काढला.

माझी आई, ओतिलिया सोचिवा, एकतीस वर्षं जीवशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होती. काचेची भांडी धुणं, सूक्ष्मदर्शक पुसणं, कपाटांच्या किल्ल्या सांभाळणं आणि झाडांच्या सालीवर वाढणारं शेवाळ जपून ठेवणं हे तिचं काम. असं शेवाळ बाटलीत ठेवत नाहीत. ते वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवतात, आणि पाकीट गोंद न लावता नुसत्या घड्यांनी बंद होतं. विद्यार्थी प्रबंधांचे मसुदे टाकून देत, त्या कागदांची ती पाकिटं करायची. आमच्या घरातल्या कुठल्याही पाकिटाची घडी उलगडली, तर आत कुणाचा तरी फसलेला तिसरा अध्याय निघे. पाकिटावर पेन्सिलीने ठिकाण, तारीख, झाडाचं नाव आणि गोळा करणाऱ्याचं नाव. चूक झाली तर दुरुस्त करता यावी म्हणून पेन्सिल, आणि त्यासाठी तिच्या कोटाच्या खिशात कायम एक खोडरबर.

सत्तेचाळीस प्रबंधांच्या ऋणनिर्देशात तिचं नाव आहे. एकोणीस ठिकाणी ते चुकीचं लिहिलेलं आहे. एकाने मानाचं 'डोन्या' लावून 'कॉफी करून देणाऱ्या डोन्या ओती' यांचे आभार मानलेत. आजोबांचा कॉफीचा मळा असूनही आई कॉफी पीत नसे, आणि विभागात तर तिने ती कधीच कुणाला करून दिली नाही.

त्या मळ्यात, कोआतेपेक गावाच्या पुढे, दर रविवारी ती शेवाळ गोळा करायची. कॉफीला सावली देणारी मोठी झाडं तेव्हा होती. मग आजूबाजूच्या मळ्यांतली एकेक तोडली गेली. कुठलं झाड गेल्यावर कुठलं शेवाळ गेलं, याची अठ्ठावीस वर्षांची पाकिटं तिच्याकडे होती, आणि तशी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं. पहिल्या दिवशी वर्गात एकीने तिला प्रोजेक्टर लावून द्यायला सांगितलं. तिने तो लावला आणि जाऊन पहिल्या बाकावर बसली.

मुदत सहा वर्षांची. ती तीस नोव्हेंबरला संपत होती. तोवर तोंडी परीक्षा झाली नाही, तर नोंदणी रद्द. मुदतवाढीचा एक अर्ज असतो, एक वर्षाचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांशी मार्चमध्ये बोलणं झाल्यापासून त्या अर्जाचा विषय आमच्या घरात कुणी काढला नव्हता.

अकरा नोव्हेंबरला सकाळी आम्ही फोटो घेऊन चार नंबरच्या खिडकीवर गेलो. बाहेर चिपिचिपी लागलं होतं, आमचं ते दिवसच्या दिवस भुरभुरणारं पाणी. आईने लोकरी टोपी घातली होती. खिडकीमागच्या पेर्ला मॅडमनी अर्ज घेतला आणि जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या. त्या सगळ्यांच्याच अर्जावर करत. लोक घाईत भलतीकडे सह्या करतात आणि मग सगळं पुन्हा छापावं लागतं.

आईने खिशातून खोडरबर काढला, पहिली फुली खोडली, कागद फुंकला आणि मोकळ्या जागी सही केली. मग दुसरी फुली. मागे रांग वाढत होती.

"बाई, फुलीवरच करा ना. शाई वर येते, फुली दिसत नाही."

"माझं नाव कुठे लिहायचं ते मला कळतं, पोरी."

पेर्ला मॅडमनी सह्या तपासल्या. मग त्यांनी पाकिटातून फोटो काढले आणि सहाच्या सहा उलटे करून ठेवले. हे चालणार नाहीत, म्हणाल्या. आईने विचारलं, का? नियमात बसत नाहीत. आईने चष्मा लावला आणि काचेवर डकवलेला नियम मोठ्याने वाचला. कपाळ व दोन्ही कान पूर्णपणे उघडे असावेत, केस चेहऱ्यावर येऊ नयेत.

"माझे कुठे येतायत ते दाखवा."

रांगेत कुणीतरी हसलं. पेर्ला मॅडम हसल्या नाहीत. त्या आवाज खाली आणून बोलल्या, आणि मला वाटतं मनापासून बोलल्या. "पदवी आयुष्यभर भिंतीवर राहते, बाई. उद्या केस येतील, तेव्हा हा फोटो बघून तुम्हालाच वाईट वाटेल."

"आले तर आनंद आहे. नाही आले तर फोटो बरोबर आहे."

त्या आतल्या खोलीत साहेबांना विचारायला गेल्या. परत आल्या त्या, साहेब नको म्हणतात, असं सांगत. मग आईने टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि लेखी नकार मागितला. नियमाचा क्रमांक, सही, शिक्का, आजची तारीख. ती ओरडली नाही. एकतीस वर्षं ती याच विद्यापीठात होती, आणि कुठला कागद मागितला की आतली खोली हलते ते तिला ठाऊक होतं. पेर्ला मॅडम पुन्हा आत गेल्या. या वेळी बाहेर आल्यावर त्यांनी फोटो सुलटे केले आणि अर्जाला जोडले.

पण एक कागद कमी होता. पाच परीक्षकांपैकी चौघांची संमतिपत्रं आली होती, मूळ सहीची, निळ्या शाईतली. पाचवं, डॉक्टर लागुनेस यांचं, आलं नव्हतं. प्रबंध त्यांच्याकडे पाच महिने पडून होता. शुक्रवारपर्यंत पत्र आलं तर एकोणतीस तारखेचं सभागृह मिळेल, पेर्ला मॅडम म्हणाल्या, नाहीतर नाही.

लागुनेस निवृत्त झाले होते, तरी विभागात त्यांची खोली होती. गुरुवारी आम्ही गेलो. जिन्यावर आई तीनदा थांबली. प्रत्येक वेळी ती भिंतीवरचे जुने सूचनाफलक वाचत असल्यासारखं करायची आणि मीही वाचायचे.

त्यांनी प्रेमाने स्वागत केलं. ओती, ये, बस. टोपीकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. प्रबंध उत्तम आहे, म्हणाले, फक्त आणखी एका पावसाळ्याचे नमुने आले तर कुणाला बोट ठेवायला जागा उरणार नाही. "घाई कसली आहे तुला? या वयात नोकरीसाठी थोडीच हवीय पदवी."

मला वाटलं आता ती सांगेल. मी सांगणारही होते. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"डॉक्टर, तुमच्या प्रबंधातली पाकिटं कुणी घडवली?"

"तूच की."

"आणि शेवटच्या यादीतली नावं?"

लागुनेस यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या प्रबंधाच्या शेवटी दोनशे चौदा शेवाळांची यादी आहे. ती कोणकोणती, हे आईने रविवारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ओळखलं होतं. मी तेव्हा सहा वर्षांची होते. भिंग धरायचं काम माझं होतं.

"ते मागायला आले नाही मी," आई म्हणाली. "मेहेरबानीही नको. जिथे बोट ठेवायचंय तिथे परीक्षेत ठेवा, सगळ्यांसमोर. मी उत्तर देईन. परीक्षा त्यासाठीच असते ना?"

लागुनेस यांनी खणातून पत्राचा कोरा नमुना काढला आणि पेन शोधू लागले. टेबलावर काळंच होतं. आईने स्वतःचं निळं पुढे केलं.

त्यांनी परीक्षेत खरंच बोट ठेवलं, एकदा नव्हे, चारदा. सभागृहात आम्ही अकरा जण होतो, त्यात डोन अबुंडिओ आणि प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या दोघी. आईने सुरुवातीलाच सांगितलं, की मी बसून बोलणार आहे, त्याने ऐकायला अडचण येऊ नये. लागुनेस यांनी विचारलं, इतक्या जुन्या वाळक्या नमुन्यांवरून ओळख पटवणं कितपत भरवशाचं? तिने एकोणीस वर्षांपूर्वीचं एक पाकीट उघडलं, करडं पडलेलं शेवाळ काचेवर ठेवलं आणि त्यावर पाण्याचे थेंब सोडले. मिनिटभराने ते हिरवं होऊन उलगडलं. पाचही परीक्षक खुर्च्यांवरून उठून टेबलाभोवती वाकले. शेवाळ असं करतंच, त्यांना ते माहीत होतं. तरीही ते वाकले. लागुनेस सर्वांत शेवटी सरळ झाले. "पुढचा प्रश्न," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच म्हणाले, "डोन्या ओतिलिया."

निकाल वाचताना नियमाप्रमाणे सगळ्यांना उभं राहावं लागतं. ती उभी राहिली. मी हात दिला तो तिने घेतला नाही. टेबलाची कड धरली.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सकाळी ती गेली. पदवीचा कागद छापून यायला आणखी चौदा महिने लागले.

आपली पदवी आपणच न्यायची असा नियम आहे, त्यामुळे मी मृत्यूचा दाखला आणि माझा जन्माचा दाखला घेऊन चार नंबरच्या खिडकीवर गेले. पेर्ला मॅडमनी ओळखलं. आतून जाड कागदाची ती पदवी आणली आणि सवयीने, फोटोच्या खाली, पदवीधारकाने सही करायच्या रेघेवर, पेन्सिलीने बारीक फुली केली. मग त्यांचा हात थांबला.

सही नसली तर कागद ग्राह्य धरत नाहीत, त्या हळूच म्हणाल्या. तिच्या वतीने म्हणून मी सही करू शकते. आईच्या सहीसारखी केली तरी कोण बघतंय.

"नको," मी म्हणाले. "दुसऱ्याचं काही बसवलेलं तिला आवडत नसे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदवीवर पातळ कागद ठेवला, गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. पुढच्या माणसाला लगेच बोलावलं नाही.

पदवी आता माझ्या अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर आहे. लंबगोलात कोटातली आई, कपाळ थेट मानेपर्यंत उघडं, दोन्ही कान दिसतायत. नावामागे डॉक्टर लावलेलं, आणि नाव बरोबर लिहिलेलं. खाली मोकळी रेघ, आणि रेघेवर पेन्सिलीची फुली. तिचा खोडरबर माझ्या खणात आहे. तिने फुली खोडूनच सही केली असती. मी ती तशीच ठेवली आहे.