कोरड्या हवेचा आठवडा

"उत्तरेचा वारा अंगाला लागल्याशिवाय डाळीला पाणी दाखवायचं नाही, विभा. आणि आभाळात कापसाएवढा ढग दिसला तरी थांबायचं."

थोरल्या जावेचा तो आवाज कानात धरूनच विभावतीने उडदाच्या डाळीवर पाणी ओतलं. परातीत सालं तरंगू लागली. ओसरीवर थोरल्या दिरांनी, तिच्या बट्ठाकुरांनी, रेडिओचा आवाज वाढवला. दक्षिण बंगालच्या जिल्ह्यांत आठवडाभर आकाश निरभ्र राहील, हवा कोरडी, पहाटे विरळ धुकं, रात्री गारवा वाढेल, असं रेडिओवरची बाई सांगत होती.

बट्ठाकुर खाकरले. पायाशी मांजर अंग चाटत होती.

"पुँटी, आत जाऊन सांग, हवा कोरडी राहणार आहे. डाळ भिजवायची तर भिजवा म्हणावं."

"पुँटी, बाहेर सांग," विभावती पदर पुढे ओढत म्हणाली, "रेडिओच्या आधीच भिजवली."

"मग रेडिओ विकून टाकू का, तेही विचार."

पुँटीने दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा पाय चाटू लागली.

धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी तोंडाने बोलायचं नाही, ही रीत. विभावती सून होऊन आली तेव्हा मध्ये दिदी असायची, म्हणजे थोरली जाऊ कनकलता. दिदी इकडचं तिकडे सांगे आणि वाटेत आपल्या पदरचं थोडं घालून दोघांनाही हसवी. ती गेल्यावर हे काम मांजरीकडे आलं. पुँटी पदरचं काही घालत नसे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच विभावतीने तळ्यावर स्नान केलं, तुळशीला पाणी घातलं आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब घेतला. हा तिचा रोजचा नेम. धुतलेली साडी नेसून ती अंगणात पाट्यावर डाळ वाटायला बसली. यजमान केव्हाच पानमळ्यात गेले होते. अघ्राण, म्हणजे मार्गशीर्ष, लागला होता; भातकापणी झालेल्या शेतांवरून वारा येत होता. त्याला पेंढ्याचा आणि कुठल्याशा चुलीवरच्या नव्या तांदळाचा वास होता. या वासाबरोबर दिदी यायचीच. असंच ऊन, अशाच दोघी पाय पसरून बसलेल्या. एकीने पीठ फेसायचं, दुसरीने कापडाच्या पुरचुंडीतून खसखशीवर बडीची, म्हणजे उडदाच्या सांडग्यांची, नक्षी सोडायची. दिदीची लेक चिनू पालथी पडून बघत असे आणि बोटाला थुंकी लावून खसखस उचले. "बदक नको काकीमा, कंगवा दे मला," म्हणे. बडीचा कंगवा कुणी केला होता का कधी? विभावतीने केला होता.

या भागात बडी घालत नाहीत, देतात. ताटावर सोडली तरी दिली म्हणायचं, आणि कुणाच्या घरी पाठवली तरी दिलीच म्हणायचं.

पीठ फेसून हलकं होत आलं तेव्हा शेजारची बासना आली आणि उकिडवी बसली.

"काय हात चालतो गं काकी तुझा! आमच्या सूनबाई मिक्सरमध्ये करतात. बडी कसली, चुन्याची गोळी. दात गेले तर त्यांचं माहेर देणार आहे का नवे?"

"सकाळी सकाळी सुनेला बोलू नये."

"मग दुपारी येऊ?"

विभावती हसली. पिठाचा थेंब तिने वाटीतल्या पाण्यात सोडला. तो तरंगला.

बासनाचा आवाज जरा खाली आला. "तुझ्याकडे कामाने आले होते. माझ्या लेकीचं, टुंपाचं लग्नानंतरचं हे पहिलं अघ्राण. तिची सासू फार खोचक. ताट आलं की एकेक बडी उन्हाला धरून बघेल ती."

"बघू दे. आरपार ऊन दिसेल."

"तुझ्या हातची असेल तर. माझा हात आता थरथरतो. माझी बडी तू दे ना, काकी."

विभावतीचा हात पिठातच थांबला.

"परत म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"माझी बडी तू दे. अगं, आईची बडी. लेकीच्या सासरी पहिल्या अघ्राणात जाते ती. ती गेल्याशिवाय माहेराने लग्न मानलं असं होतं का? हे मी तुला सांगायचं?"

विभावतीला मूलबाळ नव्हतं. तसं ताट तिच्या दारातून कधी निघालंच नव्हतं.

आश्विनातल्या त्या दुपारी दिदीने तिचं मनगट धरलं होतं. बोलायला श्वास पुरत नव्हता. "माझी बडी तू दे, विभा," एवढंच म्हणाली. विभावतीने गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावून सांगितलं, "देईन, दिदी." आणि दिली होती. बडीची सुरुवात म्हाताऱ्या-म्हातारीच्या जोडीने करायची, म्हातारीला शेंदूर लावायचा. ती पहिली जोडी दर अघ्राणात दिदीच्या नावाने देऊन तिने हात जोडले होते. वचन पाळलं, असं समजून ती निवांत होती. एवढे उपास, एवढे दिवे, आणि मरत्या बाईचं एक वाक्य धड ऐकलं नाही.

चिनूने पटुआच्या मुलाशी लग्न केलं होतं. गावोगाव चित्रांचे पट उलगडून गाणी म्हणणारी ती माणसं, पिंगल्याच्या बाजूची. या घरातून त्या घरात सुईसुद्धा जाणार नाही, असं बट्ठाकुर त्या दिवशी म्हणाले होते. त्यानंतर चिनूचं नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. दिदीनेही नाही; शेवटीसुद्धा नाही.

"काकी, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. तुझी देते, बासना. आधी एक ताट राहिलंय ते देते."

तिने म्हाताऱ्या-म्हातारीची जोडी दिली, शेंदूर लावला. मग मुकुट, पोपट, कर्णफुलं. सगळ्यांत शेवटी तिने एक कंगवा दिला, दात अगदी बारीक.

हवा रेडिओने सांगितली तशीच राहिली. एकही बडी दमटपणाने लाल पडली नाही. सुकून ती कागदासारखी हलकी झाली, तेव्हा संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून विभावती ओसरीच्या दाराआड उभी राहिली. चोरून जाता आलं असतं. पण तुळशीमाळेवर हात ठेवून दिलेलं वचन चोरून कसं पाळायचं?

"पुँटी," ती म्हणाली, "बाहेर सांग. उद्या सकाळच्या बसने मी पिंगल्याला जाणार आहे. दिदीची बडी चिनूला द्यायची राहिली आहे."

रेडिओवर बातम्या चालू होत्या. त्या संपल्या. हवामानही सांगून झालं. बट्ठाकुर उठले, काठी टेकत आपल्या खोलीत गेले, आणि दाराची कडी लागली. ते जेवायला आले नाहीत. यजमान नुसते म्हणाले, "बघ बाई." ते नको म्हणाले नाहीत, हेच तिने खूप मानलं.

सकाळी नेम आटोपून तिने बिस्किटांचा डबा पुसून घेतला. त्यात जुनी साडी अंथरून बडी न्यायची, असं ठरवलं होतं. डबा घेऊन ती ओसरीवर आली आणि थबकली.

पायरीवर काशाचं मोठं ताट होतं. दिदीने माहेराहून आणलेलं, तिच्या ट्रंकेच्या तळाशी असायचं ते. नुकतंच घासलेलं होतं. शेजारी चिंचेचा चोथा पडला होता, आणि बट्ठाकुर खांबाला टेकून ओले हात धोतराला पुसत होते. जन्मात त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा विसळला नव्हता. ताट मध्ये लख्ख होतं. कडेच्या नक्षीत मात्र चिंचेचा कोळ तसाच अडकलेला.

विभावतीने पदर पुढे ओढला. खाली बसून एकेक बडी ताटात मांडली, वर लाल कापड घातलं. पुँटी कुठे दिसत नव्हती.

"बौमा," बट्ठाकुर म्हणाले.

बौमा, म्हणजे सूनबाई. या घरात आल्यापासून त्यांनी तिला प्रथमच हाक मारली होती.

"बसमध्ये खिडकीपाशी बसू नका. कापड उडतं."

"बरं," ती म्हणाली.

कडेचा कोळ तिने पुसला नाही. ताट दोन्ही हातांवर घेतलं, पायऱ्या उतरली आणि बांधावरून रस्त्याच्या दिशेने, धुकं विरळ होत होतं तिकडे, चालू लागली.