बंद खोलीतली वात

हुडकेश्वरला शोभाताईंच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतल्यापासून पियुषचं दार कायम बंद असे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा समईच्या वाती वळणारं छोटंसं यंत्र बनवत होता. वडील देवराव सावनेरला कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळे कापूस लहानपणापासून ओळखीचा. सोमवारी कॉलेजच्या उद्योग केंद्रात मार्गदर्शकांपुढे यंत्र दाखवायचं होतं. पसंत पडलं तर तिथं जागा आणि पाठबळ, नाही तर सगळं गुंडाळून नोकरी शोधायची.

पण "आयडिया कोणाले सांगू नको, चोरतात," असं कुणीतरी सुरुवातीलाच त्याच्या मनात भरवलं होतं. वर्गमित्र रोहित चहाला बोलवायचा, तर हा "काम करून राहिलो" म्हणून फोन ठेवायचा. हळूहळू फोन येणंच थांबलं. आई विचारायची, "जेवला का रे?" "हो," म्हणायचा आणि कापसाच्या तुसांत बसून कोरडी पोळी खायचा. खालून शोभाताईंच्या पोथीचा आवाज येई. तेवढीच काय ती माणसाची सोबत!

शनिवारी संध्याकाळी दार वाजलं. त्यानं घाईनं यंत्रावर चादर टाकली.

"काय लपवून राहिला गा? नवरी आणली का?" शोभाताई हसल्या. "वाती संपल्या माझ्या. वाचनाची वेळ झाली अन् समई तशीच. तुझ्या अंगावर रोज कापूस दिसते, म्हणून आली. थोडा दे."

पियुषनं मूठभर वाती दिल्या. "विकतच्या आहेत," असं खोटंच सांगितलं आणि जिन्यात कान देऊन बसला. त्याची वात पहिल्यांदाच कुणाच्या घरी लागणार होती!

पोथी सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. मग शोभाताईच वर आल्या.

"बेटा, दिवा राहून राहून शांत होते."

"तेल खराब असन, काकू."

"तेल कालचंच आहे." त्यांनी चादरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तूच वळल्या ना? कधी लावून पायल्या होत्या का?"

त्यानं वाती ओढून पाहिल्या होत्या, मोजल्या होत्या, त्यांचे फोटो काढले होते. लावली मात्र एकही नव्हती!

"आमच्या घरी बुद्धापुढे मेणबत्ती लावतात, काकू," तो खाली पाहत म्हणाला.

"मग त्यात मान खाली काहून घालतो? मले विचारायचं. मी खालीच तर राहते."

"विचारलं असतं अन् कोणी चोरलं असतं तर?"

"इतके महिने दार लावून बसला. चोर आला नाही, खरं आहे. पण दुसरं तरी कोण आलं, सांग बरं?"

पियुषनं यंत्रावरची चादर ओढून काढली. डोळे भरून आले.

"तुझा कोणी मित्र असन, त्याले बोलाव. मी चहा ठेवते."

रोहितनं फोन उचलला. "आता आठवण आली का बे?" म्हणाला. पण आला! वात चिमटीत उलगडून म्हणाला, "पीळ जास्तच घट्ट आहे बे. तेल वर चढन कसं?"

रविवारी दोघांनी पीळ सैल केला. शोभाताईंच्या भजनमंडळातल्या बाया ओट्यावर जमल्या. एकीला वात जाड वाटली, एकीला आखूड. पियुष वळत गेला, त्या लावून पाहत गेल्या. संध्याकाळी समई पोथी संपेपर्यंत तेवत राहिली.

सोमवारी त्यानं केंद्रात आधी दिवा लावला, मग बोलायला सुरुवात केली. त्याचं बोलणं संपलं, तरी दिवा तेवतच होता. तिथल्या ज्येष्ठ मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "चाचणी कुणी घेतली?"

"आमच्या काकूंच्या भजनमंडळानं. अन् पीळ रोहितनं सुधारला."

"उद्यापासून ये. पण इतके दिवस होतास कुठे? हे दार तर उघडंच असतं!"

पियुषनं बाहेर येताच आधी रोहितला फोन लावला.

आपल्याही गल्लीत असं एखादं बंद दार असेल. आत कुणाचं तरी लेकरू आपलं स्वप्न कवटाळून एकटं बसलं असेल. लेकरांनो, विचारल्यानं स्वप्न लहान होत नाही. आणि आपण थोरांनी तरी हाकेची वाट का पाहावी? मूठभर कापूस मागायच्या निमित्तानं का होईना, ते दार एकदा वाजवू या!