सडा घातलेले खळे

मित्रांनो, डोक्यावर फटफट आवाज झाला की तुम्ही गृहपाठ टाकून गच्चीवर पळता आणि हात हलवता. मला ते वरून दिसते. मला हात नाहीत, म्हणून आज बोलून घेतो. मी बंगळुरूचे एक जुने हेलिकॉप्टर. अडलेल्या जागेवरून रुग्ण उचलून आणणे हे माझे काम.

जन्मापासून काही मी इतका शहाणा नव्हतो. परदेशातल्या कारखान्यात माझे सुटे भाग जुळले, आणि इथे आल्यावर पहिली काही वर्षे मी नवरदेव मिरवले, पुढारी वाहिले, मंडपांवर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. लोक टाळ्या वाजवत. मी असा काही फुगलो होतो, की विचारू नका! मग नवी चकचकीत हेलिकॉप्टरे आली आणि मी एका शेडमध्ये धूळ खात पडलो. चिमण्यांनी माझ्या शेपटीत घरटे बांधले. निदान त्यांना तरी मी हवा होतो. शेवटी एका रुग्णालयाने मला घेतले, खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवले आणि पांढरा रंग दिला. तिथला मेकॅनिक नागराज रोज सकाळी माझे प्रत्येक पाते हाताने पुसतो आणि कानडीत माझी खुशाली विचारतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आनेकलच्याही पलीकडे, जिथे डोंगर फाटून कावेरी खोल दरीतून वाहते, तिथल्या एका वाडीवरून फोन आला. वाडीत जुनी मराठी घरे आहेत. त्यांतल्या सुप्रीता नावाच्या सुनेला नाग डसला होता. रस्ता जंगलातून आणि दगडधोंड्यांतून जाणारा. गाडी पोहोचेपर्यंत सगळे आटोपले असते. विष अंगात भिनून तिचा श्वास मंदावत होता. आमचा डॉक्टर सुमंत याने तिचा नवरा वादिराज याला फोनवरच शिकवले, की श्वास थांबला तर तोंडाला तोंड लावून हवा कशी भरायची. तोवर कॅप्टन शुभदाने माझे इंजिन सुरू केले होते. ती मूळची पुण्याची, आता जे. पी. नगरला राहते.

दरी दिसली आणि, खरे सांगतो, मी घाबरलो. दोन्ही बाजूंना काळे कडे, तळाशी नदी, आणि मधून वारा असा सुटलेला, की मी एवढे मोठे धूड, पण पानासारखा हेलकावलो. शुभदाचा हात मात्र स्थिर होता. कड्याच्या माथ्यावर वाडी होती. वाडीपाशी एकच सपाट जागा, नाचणी मळायचे खळे. आणि त्या खळ्यावर काय दिसावे? पांढऱ्याशुभ्र धोतरांचे, हेलिपॅडवर असते तसे भलेमोठे इंग्रजी एच! टीव्हीवर पाहून त्यांनी ठेवणीतली धोतरे पसरली होती, कडांना दगड ठेवले होते, आणि पाहुणा येणार म्हणून दोन बांबूंवर आंब्याच्या पानांचे तोरणही बांधले होते. इतके मानाचे स्वागत माझे कधी झाले नव्हते, आणि इतके घातकही.

"सुमंत, सगळं काढायला सांग," शुभदा म्हणाली. "एक धोतर जरी रोटरच्या पात्यांत गेलं, तर आपण सगळेच संपलो."

सुमंतचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूचे. त्याने फोनवर सुप्रीताच्या सासूला, कृष्णाबाईंना, त्यांच्याच बोलीत समजावले. "अक्का, तोरण नको, धोतरं नकोत. सगळी माणसं घरांमागं जाऊ देत."

"अय्यो! सरी, सरी अण्णा, काढतो की आम्ही!" कृष्णाबाईंनी लगेच होकार भरला.

खळे मोकळे झाले. मी उतरू लागलो, तर माझ्याच वाऱ्याने तांबड्या धुळीचा डोंगर उठला. जमीन दिसेना, कडा दिसेना. शुभदाने मला झटक्यात वर उचलले.

"डोळे झाकून कड्यावर उतरता येत नाही," ती म्हणाली. "इंधन आहे ते आणखी एकाच प्रयत्नाला पुरेल. मग परत फिरावं लागेल."

सुमंतने फोनवर विचारले, "अक्का, धूळ बसवायला पाणी मिळेल का? आणि सुप्रीता कशी आहे?"

"श्वास थांबलाय तिचा. वादिराज तोंडानं भरतोय, पण दमलाय हो पोरगा." कृष्णाबाई पुढे म्हणाल्या, "नुसतं पाणी या उन्हात आटून जाईल. सडा घालतो आम्ही. स्वल्प थांबा!"

मी दरीवर घिरट्या घालत पाहत राहिलो. त्या वाडीत पाणी नदीवरून येते, कडा चढून, डोक्यावरून. घराघरांतून बायका हंडे, कळश्या, बादल्या घेऊन धावल्या. शेण कालवले आणि पिण्याचे साठवलेले पाणी थेंबही न राखता खळ्यावर ओतले. रोज अंगणात घालतात तसाच सडा, ओंजळी भरभरून. पाहता पाहता तांबडे खळे काळेभोर झाले. मग त्या पुन्हा घरांमागे गेल्या.

मी उतरलो. धूळ उठली नाही. माझ्या पांढऱ्या पोटावर शेणाचे शिंतोडे उडाले, तेवढेच.

वादिराज सुप्रीतावर वाकला होता. भरायचा, थांबायचा, पुन्हा भरायचा. मित्रांनो, माझी पाती झाडे वाकवतात, पण एका माणसाच्या छातीत एक श्वास मला घालता येत नाही. तो दमलेला माणूस ते करत होता. सुमंतने नळी घालून यंत्र जोडले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे तो थांबला. मग जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडला.

सुप्रीताला घेऊन शहराकडे परतताना खाली इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. मी त्यांच्यावरून गेलो. सुप्रीता वाचली. नागराजने शेणाचे शिंतोडे घासून धुतले. नियमच आहे तो. माझी गुलाबाच्या पाकळ्यांची घमेंडही त्याच पाण्याबरोबर वाहून गेली असावी.

मित्रांनो, मदत उतरायला मोकळी जागा लागते. गच्चीवरच्या सैल ताडपत्र्या बांधा, पतंगाचा मांजा आवरा, रुग्णवाहिकेला वाट द्या. आणि आमच्यासारख्या यंत्रांना नागराजसारखे पुसणारे हात मिळू द्या.

परवा दुसऱ्या एका कामावरून परतताना मी त्या दरीवरून गेलो. खळ्याभोवती एकही बांबू नव्हता, कपड्यांची दोरी नव्हती. मधोमध काळाभोर ओला गोल होता आणि एक बाई वाकून सडा घालत होती. सुमंतने खिडकीतून पाहिले. "सुप्रीता आहे ती," तो म्हणाला. त्या दिवशी वाडीत कोणीही आजारी नव्हते, तरी उतरायची जागा तयार होती. तिने मान वर करून हात हलवला, आणि मी न उतरता पुढे गेलो.